सोजरबाईचं रान आणि आमचा जुगराफिया

संपादकांचा निरोप आला, की शिक्षकी पेशातला एखादा थरारक प्रसंग लिहा. भूगोलाच्या मास्तराकडं थरार कुठला आलाय? आयुष्यभर मी एकच काम केलं. जून महिन्यात पोरांच्या डोक्यात व्याख्या भरल्या आणि परीक्षेत त्या परत काढून घेतल्या. बेट म्हणजे काय, पठार कशाला म्हणावं, वारा कुठून सुटतो, माणसं नदीकाठीच का राहतात. दरसाल पोरं नवी, व्याख्या त्याच. शेवटच्या वर्षांत तर मी झोपेतसुद्धा कर्कवृत्त कुठून जातं ते सांगायचो म्हणे. आता गुडघे गेले, आवाज बसला, आणि छातीत गेलेली खडूची भुकटी काही केल्या निघत नाही. थरार सोडा. मला आठवतं ते एका बाईचं रान. तेच लिहितो, छापायचं तर छापा.

मी ईट गावचा. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषांत वाढलेला. निजामाच्या अमलात वरच्या वर्गांचं सगळं शिक्षण उर्दूतून चालायचं. भूगोलाला जुगराफिया म्हणायचे, म्हणून मी जुगराफियावाला मास्तर. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईची वर्षं होती. माझी नेमणूक परंड्याकडं, सीनेकाठच्या एका गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांची नातवंडं अजून तिथंच नांदतात आणि या वयात मला कुणाशी हुज्जत घालायचं त्राण नाही. एवढं सांगतो, की गाव नदीच्या पूर्वेला होतं, म्हणजे मोगलाईत, निजामाच्या हद्दीत. पलीकडच्या काठाला इंग्रजी मुलूख. मधली सीना हीच सरहद्द. नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडायच्या जागी, करोडगिरीचं नाकं होतं, म्हणजे निजामाची जकातचौकी. इकडून तिकडं किंवा तिकडून इकडं काहीही न्यायचं तर तिथं थांबून जकात भरायची.

पोरं सगळी शेतकऱ्यांची. उर्दू त्यांना फक्त शाळेतच भेटायची. म्हणून मी अर्थ मराठीत सांगायचो आणि पाठांतर उर्दूत करून घ्यायचो. परीक्षेला अर्थ कुणी विचारत नव्हतं. मी एक वाक्य म्हणायचं आणि सगळ्या वर्गानं एका सुरात ते तोलून परत द्यायचं, अशी आमची पद्धत. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत भजन चाललंय.

पण पाठांतरानं पोटं भरत नाहीत हे मलाही कळत होतं. समुद्राचा धडा चालला होता तेव्हा एकानं विचारलं, "मास्तर, पल्याडच्या काठाला कोणतं गाव हाय?" मी म्हणालो, पलीकडचा काठ दिसत नाही. "मग त्याला काठ हाय हे कशावरनं?" आता मी स्वतः तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. तो धडा मी पुढं ढकलला. दुसऱ्या एकाचं म्हणणं होतं, की भिंतीवरच्या नकाशात हैदराबाद खाली आहे, म्हणजे तिकडं जाताना बैलांना त्रास होत नसणार. यावर मी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग उठवून नदीवर नेला. तेव्हापासून तीच सवय लागली.

नदीवर भूगोल आयता पडलेला होता. गाव बघा म्हणायचो. घरं पांढरीत आहेत आणि पिकं काळीत. का? काळ्या मातीत भिंत उभी राहत नाही आणि पांढऱ्या मातीत ज्वारी. माणसं नदीजवळ का राहतात? पाण्यासाठी. नदीपासून जरा उंचावर का राहतात? पाण्याच्याच धास्तीनं. हे पुस्तकात दोन वेगवेगळ्या प्रकरणांत होतं, नदीवर एका नजरेत दिसायचं. आणि सगळ्यांत सोयीचं होतं सोजरबाईचं रान.

सोजरबाई म्हणजे चाळिशी ओलांडलेली, तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. नवरा हिवतापानं तरुणपणीच गेलेला. तेव्हापासून एका बैलजोडीवर ती एकटीच रान कसत होती. सीना गावाजवळ आली की एकदम पश्चिमेला वळायची, मोठा फेरा मारायची आणि पुन्हा गावाकडं यायची. त्या फेऱ्याच्या पोटात हिचं रान. तिन्ही बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला गावाकडं येणारी अरुंद मान. म्हणजे नेमका जजीरानुमा, तुमच्या भाषेत द्वीपकल्प. मी पोरांना त्या मानेवर उभं करायचो आणि हिंदुस्थानाचा आकार समजावून द्यायचो. सोजरबाई खुरपं टाकून बघत राहायची. एकदा म्हणाली, "मास्तर, माज्या रानात लंका कुठं यीती तेवढं सांगा, तिथं मिरच्या लावते."

त्या मानेवर दोन्ही बाजूंनी नदी काठ खात होती. बाहेरच्या वळणावर पाण्याचा मारा जास्त, तिथला काठ ढासळतो. आतल्या वळणावर पाणी संथ, तिथं गाळ साचतो. हे दाखवायला मी पोरांकडून काठापासून थोड्या अंतरावर बाभळीच्या खुंट्या ठोकून घ्यायचो. पावसाळा सरला की जाऊन बघायचं. काठ खुंटीच्या जवळ आलेला असायचा, कधी खुंटीच गेलेली असायची. मग नवी ओळ ठोकायची. पोरांना यात फार गोडी. आणि वर्गात परतलं की वाक्य ठरलेलं: दरिया आहिस्ता आहिस्ता अपना रास्ता बदलता है. नदी हळूहळू आपली वाट बदलते. चुकीचं काय आहे त्यात? काहीच नाही. आजही पुस्तकात तेच आहे.

एका साली भाद्रपदात सीनेला मोठा पूर आला. तसा पूर गावातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. पाणी ओसरलं तेव्हा मानेचा पत्ता नव्हता. नदीनं लांबचा फेरा सोडून सरळ मान कापली होती. सोजरबाईचा गोठा, आत बांधलेलं वासरू, कडब्याची गंजी सगळं एका रात्रीत गेलं. बैल आदल्या दिवशी गावात आणले होते म्हणून वाचले. आठवडाभर रानाला चारी बाजूंनी पाणी होतं, म्हणजे तेवढ्यापुरतं ते बेट. मग जुना फेरा आटत गेला, पश्चिमेला डबकं तेवढं उरलं, आणि रान जाऊन चिकटलं पलीकडच्या काठाला.

मला काय झालं ते सांगतो. मला आनंद झाला. पुस्तकात चित्र होतं, नदी वळण तोडते आणि मागं घोड्याच्या नालेच्या आकाराचं तळं राहतं. ते चित्र मी कितीदा फळ्यावर काढलं असेल, आणि आज ते माझ्यासमोर चिखलात पडलं होतं. मी वर्ग घेऊन धावलोच. सोजरबाई काठावर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या पोरांना दावायला माजंच रान घावलं व्हय, मास्तर?" मी आल्या पावली वळलो. पोरांना परत नेलं आणि त्या दिवशी पाढे म्हणवून घेतले.

पण बाई रडत बसणारी नव्हती. पुरानं रानात चांगला गाळ आणून टाकला होता. वाफसा येताच तिनं शाळू पेरायचं ठरवलं. बैल घेतले, बियाण्याची पिशवी घेतली आणि उतारावर आली तर नाकेदारानं अडवलं. हा नाकेदार बीदरकडचा, सज्जन माणूस. दिवसभर नाक्यावर बसून पान खायचा, आणि कंटाळा आला की शाळेत येऊन पोरांची उर्दू तपासायचा. तो म्हणाला, "बाई, बियाणं बाहेर जातंय. त्यावर करोडगिरी लागंल."

"बाहिर कुठं? माज्याच रानात चाललेय की."

"रान नदीच्या पल्याड आहे. नदी सरहद्द आहे. माझी नोकरी नदीवर आहे, बाई. नदी सरकली, त्याला मी काय करू?"

त्यानं बियाणं तेवढं सोडलं. पण सुगीचं कसं होणार हा प्रश्न गावभर फिरू लागला. लढाईमुळं पलीकडच्या सरकारनं धान्य जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. इकडं आणलं तर इकडची करोडगिरी. आणि त्याहून वाईट म्हणजे पलीकडच्या गावचे लोक म्हणू लागले, की नदीच्या आमच्या बाजूचं ते आमचं. मग सोजरबाईचं काय? तिच्याकडं दुसरा एक गुंठाही नव्हता. रान गेलं तर ती दुसऱ्याच्या बांधावर मजूर होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मार्गशीर्षात दोन्हीकडचे अधिकारी पाहणीला आले. आपल्याकडून तहसीलदार, त्यांच्याकडून मामलेदार. नदीच्या वाळूत खुर्च्या टाकल्या. मामलेदार कायदा जाणणारा होता. त्यानं सरळ सांगितलं, की नदी जर एकाएकी उडी मारून सरकली असेल तर सरहद्द जुन्या पात्रातच राहते, रान बाईचं. पण नदी जर हळूहळू सरकत आली असेल तर सरहद्दही तिच्याबरोबर सरकते, रान आमच्या बाजूला, आणि तिकडचा पट्टा आमच्याकडं चालत नाही. तहसीलदारसाहेबांनी मान हलवली. त्यांचं जेवण मुक्कामावर खोळंबलं होतं.

गावकऱ्यांनी एका तोंडानं सांगितलं, की एका रात्रीत झालं. मामलेदार म्हणाला, तुम्ही सगळे तिचे भाऊबंद, तुमचं सोडा. कुणी त्रयस्थ, शिकलेला माणूस आहे का? म्हणून मला बोलावणं आलं. शाळेत मी एकटाच, वर्ग कुणावर सोडणार? पोरांना बरोबर घेऊन गेलो. सोजरबाईनं मला पाहिलं आणि पदर सावरून पुढं आली. तिला वाटलं, आता झालं काम. मास्तर म्हणजे तिच्या लेखी नदीचा वकील.

मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मामलेदाराचं लक्ष काठाकडं गेलं. नव्या पात्राच्या कडेला आमच्या जुन्या खुंट्यांपैकी काही अजून उभ्या होत्या. ओळीमागं ओळ. त्यानं जवळच्या पोराला विचारलं, "या कसल्या रे?" आमचा मॉनिटर पुढं आला. हुशार पोरगा, छाती काढून सांगू लागला. ही परसालची ओळ, ही त्याच्या आधीची, दरसाल काठ इतका इतका आत येतो. मामलेदार हसला. म्हणाला, "शाबास. मग नदी कशी सरकते?"

हा प्रश्न असा विचारायचाच नव्हता. म्हणजे, तो मीच रोज असाच विचारायचो. त्यामुळं एकटा मॉनिटर बोलला नाही. सगळा वर्ग उभा होता तिथून एका सुरात म्हणाला, "दरिया आहिस्ता आहिस्ता अपना रास्ता बदलता है."

तहसीलदारसाहेब पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसले. उच्चार स्वच्छ होते. "मास्टर साहब, बच्चों ने सबक खूब याद किया है," म्हणाले. आणि सोजरबाईनं मला विचारलं, "काय म्हनाली पोरं?"

मामलेदारालाही उर्दू कच्चीच होती. तोही माझ्याकडं बघत होता. तेव्हा मीच मराठीत सांगितलं, की पोरं म्हणतात, नदी हळूहळू आपली वाट बदलते.

"हळूहळू?" सोजरबाई म्हणाली. "आन् माजं वासरू गेलं त्या राती, ते बी हळूहळूच का?"

मी जीव तोडून सांगितलं. साहेब, मान बारीक होत आली ती वर्षानुवर्षं, पण तुटली एका पुरात. दोन्ही खरं आहे. दोरी झिजते सावकाश आणि तुटते एका झटक्यात. मामलेदार ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मास्तर, म्हणजे सुरुवात हळूहळूच झाली ना? खुंट्या तुमच्याच आहेत." निकाल तिथंच झाला. सरहद्द म्हणजे नवी नदी. उभं पीक पलीकडच्या सरकारजमा, सुगीला त्यांचा माणूस येऊन मोजून ताब्यात घेणार. जाताना तहसीलदारसाहेबांनी पोरांना पेढ्याला पैसे दिले.

तो दिवस मला अजून जड जातो. मी खोटं शिकवलं नव्हतं, पोरं खोटं बोलली नव्हती, अधिकारी काही लाच खाऊन बसले नव्हते. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि बाईचं रान गेलं. मला स्वतःच्या विषयाचा वीट आला. दुसऱ्या दिवशी मॉनिटर टेबलाशी येऊन उभा राहिला. "मास्तर, आमी चुकलो का?"

"नाही. उत्तर बरोबर होतं."

"मग?"

मी त्याला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. पेढे कुणीच आणले नाहीत, ते पैसे बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होते.

पुढं पौष लागला. शाळूची कणसं दुधाळ होऊन भरली. एका सकाळी सोजरबाई शाळेच्या दारात. मला वाटलं, आता मात्र बोलणार आणि मी ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, "मास्तर, पोरांना सुट्टी द्या. हुरडा खायला घिऊन या."

"कुठल्या रानात?"

"माज्या. आजून कोनी मोजाया आलं न्हाय. दाना पिकला की त्यो त्यांचा. दुधात हाय तवर कोनाचा ते कुठं लिव्हलंय?"

मी म्हणालो, बाई, नाकं आहे. ती म्हणाली, "म्या नाकेदाराला इचारलंय. धान्य आनलं तर करोडगिरी. पोटात घालून आनलं तर काय, ते त्येच्या कागदात न्हाय."

त्या दिवशी अख्खं गाव नदी ओलांडून गेलं. हिंदू, मुसलमान, बाया, म्हातारे. रानात जागोजागी आगट्या पेटल्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, काढायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोजरबाई स्वतः चोळत होती. सगळ्यांत आधी तिनं पोरांना बसवलं, आणि मॉनिटर मागं मागं राहत होता तर त्याचा हात धरून त्याला आगटीजवळ ओढलं. "खा रं. लाजतुस काय? सायबापुढं तर लई बोलत हुतास." पोरगं खाली मान घालून रडायला लागलं. तिनं त्याच्या ओंजळीत हुरडा ओतला आणि म्हणाली, "तुजं काय चुकलं न्हाय. मास्तरांनी शिकिवलं ते तू सांगितलं. आन् मास्तरांना बुकानं शिकिवलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पर मास्तर, फुडल्या पोरांना त्या येका रातीचं बी शिकवा."

एका दिवसात रान काही संपणार नव्हतं. लोक रोज येत राहिले. नंतर तिनं गावाला सांगितलं, जनावरंही आणा. गाई, बैल, म्हशी सकाळी नदी ओलांडून जायच्या आणि संध्याकाळी पोट फुगवून परत यायच्या. नाकेदार उतारावर उभा राहून बघत असायचा. त्याच्या नियमात चाऱ्याच्या पेंढीवर जकात होती, म्हशीच्या पोटावर नव्हती. एक दोनदा पलीकडचे लोक बांधापर्यंत आले, सोजरबाईनं त्यांनाही बोलावून हुरडा खाऊ घातला. मग ते काय बोलणार?

शेवटच्या दिवशी मी तिथं होतो. रानात धसकटं तेवढी उरली होती. सुगीला मोजणारा येणार होता त्याच्यासाठी. लोक गेले, आगट्या विझल्या. सोजरबाई सगळ्यांच्या मागून निघाली, मी तिच्याबरोबर. त्या रानातून ती परत कधी चालणार नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. ती वळून बघेल असं मला वाटलं, पण ती पायाखालची वाट बघत चालत राहिली.

उतार ओलांडून आम्ही नाक्याशी आलो. नाकेदारानं नियमाप्रमाणं विचारलं, "बाई, काही आणलंय?"

सोजरबाईनं मूठ उघडली. तिचे तळवे चोळून चोळून काळेहिरवे झाले होते, आणि त्यात मूठभर हुरडा होता. म्हणाली, "हे आनलंय. धरा, तुमची करोडगिरी."

नाकेदारानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तोंडातलं पान बाजूला जाऊन थुंकून आला, नदीच्या पाण्यानं चूळ भरली, दोन्ही हातांची ओंजळ करून तो हुरडा घेतला आणि तिथंच उभ्यानं शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. पावती मात्र त्यानं फाडली नाही.